उत्तर: व्हॅनिलिन ओळखणारा जिवाणू

प्रश्न असा: व्हॅनिलिन (व्हॅनिलाचा वास देणारं रसायन) ओळखून हिरवा चमकणारा ई. कोलाय जिवाणू बनवला, तर त्याचं गणिती मॉडेल कसं करायचं? एकाने म्हटलंय, हिल समीकरण (रसायनाच्या प्रमाणाप्रमाणे प्रतिसाद कसा वाढतो ते सांगणारं सूत्र) बसवलं की मॉडेल झालं. तितकं सोपं नाही हो. व्हॅनिलिन वाढेल तशी हिरवी चमक वाढते आणि मग सपाट होते, इथपर्यंत ठीक. पण व्हॅनिलिन फार झालं की ई. कोलायची वाढच खुंटते, एकूण चमक उतरते आणि चमकेच्या एकाच आकड्याला व्हॅनिलिनची दोन उत्तरं निघतात! म्हणून चमकेला पेशींच्या घनतेने भागा, वाढीचा दरही व्हॅनिलिनशी जोडा.

ओकच्या लाकडातून वाइनमध्ये व्हॅनिलिन उतरतं, पण आमच्या नाशिकची ओकच्या पिंपातली वाइन तपासायची तर आणखी पंचाईत. सामू साडेतीनच्या आसपास, अल्कोहोल १२-१३ टक्के. जिवाणू वास घेण्याआधीच गार. २० पट पातळ करा, अल्कोहोल पाऊण टक्क्याखाली येईल. पण व्हॅनिलिनही तितकंच घटतं, तेव्हा हिल समीकरणातल्या के-ची (ज्या प्रमाणाला चमक निम्म्यावर येते त्याची) किंमत त्या हिशोबाने तपासा.