बेसबॉलचा जुना ठेवा: कंपन्यांची कार्डे जमवावीत की संघांनी काढलेली छायाचित्रे?

पिट्सबर्गकर (मूळ मांडणी)

गेल्या महिन्यात आमच्या गावी एका हॉटेलच्या सभागृहात खेळाडूंची चित्रे छापलेल्या जुन्या बेसबॉल कार्डांचा बाजार भरला होता. तिथे मी पाच बाय सात इंचांचे एक कृष्णधवल छायाचित्र चार डॉलरना घेतले. त्यात पिट्सबर्ग पायरेट्स या आमच्या बेसबॉल संघाचा एक प्रशिक्षक आहे. अंगात बिनबाह्यांचा गणवेश, त्याच्या आत गडद बाह्यांचा सदरा, मागे विटांच्या भिंतीवर चढलेली वेल आणि खालच्या पांढऱ्या पट्टीत फक्त नाव, एवढाच त्याचा ऐवज. मागची बाजू पूर्ण कोरी. शेजारच्या टेबलाभोवती मात्र प्लास्टिकच्या डबीत सीलबंद केलेली कार्डे पाहायला माणसांची दाटी झाली होती.

माझे म्हणणे असे की, बेसबॉलचा इतिहास जपायचा असेल तर आपण कार्डांपेक्षा ही छायाचित्रे जमवली पाहिजेत. संघ ती मैदानावर पाकिटातून विकत असत किंवा पत्र लिहिणाऱ्या मुलांना टपालाने पाठवत. कार्ड हे आधी तंबाखू आणि पुढे च्युइंगगम खपवण्याचे साधन होते, आणि ते छापणाऱ्याची सोय त्यात पदोपदी दिसते. १९५६ मध्ये टॉप्स या कार्ड कंपनीने बोमन ही स्पर्धक कंपनी विकत घेतली आणि त्यानंतर १९८० पर्यंत या धंद्यात तिला जवळपास कोणी प्रतिस्पर्धी उरला नाही. खेळाडूंच्या संघटनेचे प्रमुख मार्विन मिलर यांनी मोबदल्याच्या प्रश्नावर खेळाडूंना टॉप्ससाठी छायाचित्र काढून न देण्याचा सल्ला दिला, तेव्हा कंपनीने जुनी छायाचित्रे पुन्हा वापरली. १९६९ च्या संचात कितीतरी खेळाडू बिनटोपीचे दिसतात ते त्यामुळेच. सिअ‍ॅटल पायलट्स हा संघ १९६९ चा एकच हंगाम खेळला आणि १९७० चा हंगाम सुरू होण्याच्या तोंडावर मिलवॉकीला गेला, तरी टॉप्सच्या १९७० च्या कार्डांवर तो सिअ‍ॅटलचाच राहिला. आणि आम्हा पिट्सबर्गकरांना सर्वांत जास्त खुपणारी गोष्ट म्हणजे पायरेट्सच्या रॉबर्टो क्लेमेंटे या महान खेळाडूला या कंपनीने १९५७ पासून १९६९ पर्यंत ‘बॉब’ करून टाकले. पोर्तो रिकोच्या या अभिमानी माणसाला ते नाव आवडत नव्हते.

अशा कागदासाठी लोक लाखो डॉलर मोजतात आणि संघाने स्वतः दिलेला पुरावा चार डॉलरना पडून राहतो, हे मला पटत नाही.

नववा डाव

पिट्सबर्गकर, आपली तळमळ समजते, परंतु निष्कर्ष मान्य नाही. क्लेमेंटेचे नाव तेरा वर्षे चुकीचे छापले गेले, हे आज आपण इतक्या ठामपणे कशाच्या जोरावर सांगू शकता? टॉप्सच्या प्रत्येक कार्डाला वर्ष आहे, संच आहे आणि संचात क्रमांक आहे, म्हणूनच ना? १९५५ सालच्या त्याच्या पहिल्या कार्डाचा क्रमांक १६४ आहे आणि त्यावर ‘रॉबर्टो’ असेच छापले आहे. पुढे नाव कधी बदलले आणि १९७० मध्ये पूर्ववत कधी झाले, हा सगळा माग कार्डांची चळत ओळीने लावली की कोणालाही काढता येतो. कंपनीने केलेला अन्याय कंपनीच्याच कागदावर तारीखवार नोंदला गेला आहे, आणि माझ्या मते कार्डाचे खरे मोल त्यातच आहे. आपल्या प्रशिक्षकाच्या छायाचित्राला ना वर्ष, ना क्रमांक, ना मुद्रकाचे नाव. ते उद्या कोणी नव्या कागदावर छापून विकले तर आपण काय ताडून पाहणार?

होनस वॅग्नर या पिट्सबर्गच्याच महान खेळाडूचे तंबाखूच्या पाकिटातले कार्ड हे याचे सर्वांत बोलके उदाहरण आहे. त्याची जी प्रत कार्डांची अवस्था तपासून दर्जा ठरवणाऱ्या पीएसए या संस्थेने १९९१ मध्ये प्रतवारी केलेले पहिले कार्ड म्हणून गाजली आणि २००७ मध्ये २८ लाख डॉलरना विकली गेली, तिच्या कडा स्वतःच कापल्या होत्या अशी कबुली बिल मास्ट्रो या लिलावकर्त्याने २०१३ मध्ये न्यायालयात दिली. प्रतवारी तिथे चुकली, हे मी नाकारत नाही. पण संशय मुळात घेता आला, कारण त्या संचातल्या कार्डाचे मूळ माप आणि कडांची ठेवण जाणकारांना ठाऊक होती. संघाच्या छायाचित्राची कड कापली तर ती मुळात किती होती हे सांगणार कोण?

कागदवेडी

मी एका ग्रंथालयात जुन्या कागदांच्या जतनाचे काम करते, म्हणून दोघांनाही थोडा विरोध नोंदवते.

नववा डाव, आपण ज्या क्रमवारीचा आधार घेता ती बऱ्याच अंशी जेफरसन बर्डिक या सिराक्यूजच्या संग्राहकाने उभी केली. वॅग्नरच्या संचाला आज सगळे ज्या ‘टी २०६’ या नावाने ओळखतात ते त्याच्याच सूचीतले आहे. त्याने तीन लाखांहून अधिक छापील वस्तू न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला दिल्या, त्यांपैकी बेसबॉलची कार्डे तीस हजारांवर होती, आणि संधिवाताने हात आखडलेले असतानाही तो ती स्वतः वह्यांमध्ये चिकटवत राहिला. आजच्या प्रतवारीच्या हिशेबाने डिंकाने चिकटवलेले कार्ड खराब ठरेल. तंबाखूच्या त्या जुन्या कार्डांना संचाचे नाव जन्मजात मिळाले नाही; कोणीतरी बसून ते लावले. छायाचित्रांसाठी तसा माणूस मिळाला नाही, हा छायाचित्रांचा दोष नव्हे.

शिवाय ज्यांची कार्डे निघालीच नाहीत त्यांचे काय? मेजर लीग या मुख्य स्पर्धेची दारे बंद असल्याने कृष्णवर्णीय खेळाडू निग्रो लीग या वेगळ्या स्पर्धांत खेळत; त्यांतला महान फलंदाज जॉश गिब्सन जानेवारी १९४७ मध्ये वारला, ती बंदी मोडणारा जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिनकडून मैदानात उतरण्याच्या तीन महिने आधी. अमेरिकेतल्या कोणत्याही मोठ्या कार्ड कंपनीने गिब्सनच्या हयातीत त्याचे कार्ड काढले नाही. निग्रो लीगच्या विक्रमांना मेजर लीगने २०२० मध्ये मान्यता दिली आणि २०२४ मध्ये ते आकडे मुख्य नोंदींत घेतले, तेव्हा कारकिर्दीतल्या फलंदाजीच्या सरासरीत .३७२ सह गिब्सन सर्वांत वर आला. त्या खेळाडूंचे चेहरे आपल्याला दिसतात ते संघांच्या छायाचित्रांतून आणि कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रांतून. केवळ कार्डे जमवणाऱ्याच्या वहीत तेवढी पाने कोरीच राहतात.

पिट्सबर्गकर, आपल्यालाही एक सांगायचे आहे. ‘संघाने दिले’ म्हणजे ‘मूळ छायाचित्र’ असे आपण गृहीत धरले आहे. दहापट भिंगातून ते पाहा. मूळ छायाचित्रात करड्या छटा सलग उतरत जातात. छापखान्यातल्या प्रतीत ठिपक्यांची जाळी दिसते. अतिनील दिव्याखाली कागद निळसर पांढरा चमकला तर त्यात दुसऱ्या महायुद्धानंतर वापरात आलेली उजळक द्रव्ये असण्याची शक्यता मोठी. या दोन तपासण्यांना दहा मिनिटेही लागत नाहीत.

नववा डाव

गिब्सनचा मुद्दा मी विसरलो होतो, आणि तो मला पूर्ण मान्य आहे. तरीही सूची नसलेल्या वस्तूंसाठी नवशिक्या संग्राहकाने पैसे घालू नयेत, हे माझे मत कायम आहे, कारण फसवणूक प्रथम त्याचीच होते. मी स्वतः सुरुवातीच्या काळात एका विक्रेत्याकडून ‘दुर्मीळ’ म्हणून अशी सहा छायाचित्रे घेतली होती. सहाही नव्या छपाईची निघाली आणि तुलना करायला सूची नसल्यामुळे ते कळायला मला दोन वर्षे लागली.

छायाचित्राच्या वर्षाबाबत मात्र मदत करतो. पायरेट्सनी बिनबाह्यांचा गणवेश १९५७ मध्ये घेतला आणि जुलै १९७० मध्ये थ्री रिव्हर्सच्या नव्या मैदानावर जाताना सोडला. वेलीची भिंत फोर्ब्स फील्ड या संघाच्या जुन्या मैदानाची असावी, आणि तिथला शेवटचा सामना २८ जून १९७० रोजी झाला. म्हणजे छायाचित्र या चौदा हंगामांतले. तो प्रशिक्षक संघासोबत कोणत्या हंगामांत होता ते नोंदींत पाहिलेत, तर अवधी आणखी आवळता येईल.

पिट्सबर्गकर

काल रात्री भिंग लावले. ठिपके आहेत. म्हणजे माझ्या हातात छापील प्रत आहे, आणि मूळ मांडणीत मी तिला ज्या जोरात ‘पुरावा’ म्हटले तो जोर थोडा कमी करावा लागेल. संघाचे छायाचित्र कार्डापेक्षा संघाच्या अधिक जवळचे असते, हे मत मात्र मी सोडत नाही.

त्या प्रशिक्षकाचे हंगाम नोंदींत शोधले: तीनच निघाले. छायाचित्राच्या मागे काही लिहिले नाही; आम्लरहित कागदाच्या पाकिटावर पेन्सिलने ती तीन वर्षे, मैदानाचे नाव आणि ‘छापील प्रत’ असे लिहून ठेवले आहे. माझ्याकडे अशी आणखी दोनशे-अडीचशे आहेत. नववा डाव, गणवेशांवरून वर्षे लावण्याच्या कामात आपण साथ देणार असाल, तर पुढच्या रविवारपासून दहा-दहांच्या गटाने ती इथे मांडतो.