थंड इंजिन, तरी स्कॅनरवर कूलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव) -४० अंश?

२००६ची पेट्रोल गाडी. कोड पी०११८ (कूलंटच्या तापमान सेन्सरच्या सर्किटमध्ये व्होल्टेज जास्त), पंखा सतत चालू. सेन्सर बदलू का?

— थांबा, आधी वायरिंग बघा. -४० म्हणजे सर्किट कुठेतरी तुटलंय. सेन्सरचा कनेक्टर काढा, इग्निशन ऑन करून वायरच्या बाजूच्या दोन पिनांत व्होल्टेज मोजा. ५च्या आसपास हवं. मग त्याच पिना तारेने जोडा. रीडिंग एकदम १२०च्या वर गेलं तर वायरिंग ठीक, सेन्सर गेला.

— हे फक्त दोन पिनांच्या सेन्सरला, हं! पिनांवरचा हिरवा गंजही बघा. चांगला सेन्सर २० अंशांना साधारण २-३ किलोओहम दाखवतो.

— ४.९ व्होल्ट आले, जोडल्यावर १३०.

— मग सेन्सरच. इंजिन गार झाल्यावरच काढा.