बाबा होण्याआधी ते काय जेवत होते? (अनुभव लिहा)

ओंजळ:
आज माळा आवरताना बारा वर्षांपूर्वीची दवाखान्याची फाईल सापडली. दिवस राहत नव्हते तेव्हाची. माझ्या आहाराचे चार कागद, काय खायचं, किती वाजता, कुठल्या गोळ्या. नवऱ्याच्या नावाचा एकच, सीमेन रिपोर्टचा (वीर्यतपासणीचा). त्याची तेव्हा रात्रपाळी. पहाटे तीनला मशीनमधलं थंड पेय नि बिस्किटांचा पुडा, झालं जेवण. सकाळी तो येऊन तसाच आडवा व्हायचा आणि मी शेजारी बसून फळं चिरून खायचे. दीड वर्षात त्याला कुणी एकदाही विचारलं नाही की बाबा, तू काय खातोस? सगळी चूक माझ्या ताटात शोधली. फाईल मांडीवर घेऊन बराच वेळ बसले होते. तुमच्याकडे कसं होतं? पुरुषांनीही लिहा.

रातवा:
नऊ वर्षं रात्रपाळी केली. कँटीन दहाला बंद, मशीन रात्रभर चालू. भूक नसतेच, झोप घालवायला गोड लागतं. सुट्टी वीस मिनिटं, त्यातली पाच हात धुवायला. लोक म्हणतात मनावर घे. मनावर घेऊन खायचं काय? तिथे दुसरं काही मिळतच नव्हतं.

सुक्ष्मदर्शी:
मी लॅबमध्ये आहे. शुक्राणू तयार व्हायला साधारण 74 दिवस लागतात, मग पक्व व्हायला आणखी दोनेक आठवडे. म्हणजे आजचा रिपोर्ट मागच्या तीन महिन्यांचा असतो. त्या काळातलं खाणं, झोप, सिगरेट, दारू, ताप, सगळं त्यात येतं. हे मला नवऱ्यांना सांगायचं असतं, पण रिपोर्ट न्यायला बायकोच येते. तिलाच सांगते, ती मान डोलावते. घरी जाऊन कसं सांगत असेल कोण जाणे.

चाफा२:
ओंजळ, फाईल टाकू नकोस गं. आईच्या फायली मी रद्दीत दिल्या, अजून हळहळ वाटते.

ओंजळ:
नाही टाकत. कागद पिवळे पडलेत पण अक्षर दिसतंय. आईंच्या कसल्या होत्या?

चाफा२:
शुगरच्या. लिहिते नंतर, दूध उतू जातंय.

एकटा_जीव:
आम्ही सहाजण एका खोलीत. पगार झाला की निम्म्याहून जास्त घरी. पहिले दहा दिवस भाजी, मग नुसतं पोट भरायचं. लग्नानंतरही दोन वर्षं हेच, बायको तिकडे, मी इकडे. सुट्टीत घरी गेलो की आई तिला विचारायची, नीट जेवतेस ना? मला कुणी नाही. मीही बोललो नाही. पैसे पाठवणारा माणूस उपाशी आहे हे कसं सांगणार घरी?

ओंजळ:
दादा, वाचून गलबलून आलं.

पेन्सिल:
2010 मध्ये उंदरांवर एक प्रयोग झाला. नरांना कमी प्रथिनांचं खाणं दिलं, पिल्लं जन्मायच्या आधीच त्यांना बाजूला काढलं, तरी पिल्लांच्या यकृतात चरबी आणि कोलेस्टेरॉलची जनुकं वेगळी चालत होती. म्हणजे निरोप शुक्राणूंतून गेला असावा. 2016 मध्ये शुक्राणूंतल्या आरएनएच्या (जनुकांचे निरोप नेणाऱ्या रेणूंच्या) बारीक तुकड्यांचा हात दिसला. माणसांत बघायचं तर स्वीडनच्या उत्तरेकडच्या ओव्हरकालिक्स गावातला अभ्यास. 1890, 1905 आणि 1920 साली जन्मलेल्यांच्या आजोबांच्या काळातल्या पिकांच्या नोंदी काढल्या. वयात येण्याआधीच्या दोन-तीन वर्षांत वडिलांच्या वडिलांनी भरपूर खाल्लं असेल, तर नातवंडांत मधुमेहाने होणारे मृत्यू जास्त आढळले. अभ्यासातली माणसं थोडी होती. पण आजोबा तेव्हा पोरगेलेसे होते आणि पीक त्यांच्या हातात नव्हतं, हे माझ्या डोक्यातून जात नाही.

निनावी:
माझ्या मुलाचं वजन लहानपणापासून जास्त. तेव्हा मी रोज प्यायचो, बाहेरचं खायचो. हे सगळं माझ्यामुळे का?

सुक्ष्मदर्शी:
नाही हो, एका मुलाबद्दल असं बोट ठेवता येत नाही. आईचं खाणं, घर, झोप, खेळ, किती गोष्टी असतात. स्वतःला कोसू नका. आज त्याच्यासोबत जेवायला बसा.

मृद्गंध:
आमच्या ह्यांनी डब्यात कच्च्या भाज्या न्यायला सुरुवात केली तर ऑफिसात चिडवलं, बायकोने डाएटवर ठेवलंय का म्हणून. तिसऱ्या दिवशी डबा तसाच परत. वाटाण्याचे दाणेसुद्धा मोजता आले असते. मी भांडले नाही, पुढचे तीन महिने दोघांचा एकच डबा भरला आणि दुपारी त्यांच्याकडे जाऊन सोबत जेवले.

रातवा:
ताई, हे आवडलं. सुक्ष्मदर्शी, आमचं दुसऱ्या मुलासाठी चाललंय. सल्ल्याला दोघांनी एकत्र आलं तर चालतं का?

सुक्ष्मदर्शी:
चालतं काय, याच. आणि तुमच्या कामाच्या पाळीच्या वेळा लिहून आणा, त्या धरूनच खाण्याचं बोलू.

चाफा२:
आले. तर आईच्या फाईलचं...