छडा, तपास, पाळत, हेरगिरी... नक्की कुठे काय वापरायचं?

लिंबूटिंबू
मंडळी, एका क्राइम सिरीजची मराठी सबटायटल्स करतेय आणि एकाच जागी सारखी अडकते. त्यात एक प्रायव्हेट डिटेक्टिव्ह आहे, बायकोने नवऱ्याच्या मागावर लावलेला. त्याच्या कामाला 'हेरगिरी' लिहिलं तर एडिटर म्हणतो हा काय शत्रूदेशाचा एजंट आहे का. मग "तीन महिने छडा लावतोय" असं केलं, तर आई म्हणाली कानाला खटकतंय, पण का ते तिलाही सांगता येईना. कोणी सांगेल का?

भुईनळा
आईचं बरोबर आहे. तपास चालतो, रखडतो, थंड पडतो, दुसऱ्याकडे वर्ग होतो, छडा मात्र एकदाच आणि शेवटी लागतो. "छडा लावणारच" चालेल, "छडा लागेना" पण चालेल, पण महिनोन् महिने कोणी छडा लावत बसत नाही. गंमत म्हणजे गावाकडे तपासही 'लागतो', बैल सुटून गेला की जो भेटेल तो विचारणार, काय लागला का तपास?
तुझा माणूस नवऱ्यावर पाळत ठेवतोय. संपला विषय.

बातमीची_फोडणी
क्राइम बीट केलंय म्हणून सांगतो, छडा हा आम्हा पेपरवाल्यांचा लाडका, हेडलाइनमध्ये दोन अक्षरांत बसतो ना. पोलिसांच्या प्रेसनोटमध्ये 'गुन्हा उघडकीस आणला' असतं आणि तोंडी 'डिटेक्ट झाला'. पोलीस ठाण्यातलं पथक कागदावर गुन्हे प्रकटीकरण पथक, पण सगळे डीबीच (डिटेक्शन ब्रँच) म्हणतात. आणि चहाच्या टपरीवरचा खबऱ्या कागदावर आला की एकदम 'गुप्त बातमीदार' होतो, मग 'खात्रीलायक बातमी मिळाल्याने सापळा रचून' वगैरे ठरलेलं. सबटायटलमध्ये हवालदाराच्या तोंडी 'अन्वेषण' तेवढं घालू नकोस प्लीज.

शिवेवरचा
'माग' विसरलात सगळे. आता आपण मोबाईल लोकेशनवरून माग काढला म्हणतो, पण पूर्वी तो खरोखर जमिनीवरच्या पावलांचा असायचा. गावचा रामोशी नाहीतर जागल्या चोराची पावलं बघत शिवेपर्यंत जायचा, पुढच्या गावच्या राखणदाराला माग पटवून दिला की याची जबाबदारी सुटली, पुढचं त्याने बघायचं. नाही जमलं तर चोर किंवा माल हजर कर, तेही नाही तर ऐपतीप्रमाणे भरून दे. इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टनच्या १८१९ च्या रिपोर्टमध्ये ही पद्धत आहे.
आणि हेर हा राज्यासाठी असतो, बहिर्जी नाईकांसारखा. नवऱ्याच्या भानगडीला हेर कशाला! हिंदीतला 'जासूस' बघून जासूद पण लिहू नका, पेशवाईतल्या पत्रांत जासूदजोडी येते ती टपाल नेणारी.

लिंबूटिंबू
भारी! 'पाळत ठेवतोय' टाकलं, एडिटरने पास केलं. आता पुढचा एपिसोड, त्यात शेजारच्या काकू पडद्याआडून सगळ्यांवर नजर ठेवून डिटेक्टिव्हच्या आधी खुनी शोधतात. त्याला काय लिहू, चोंबडेपणा?

भुईनळा
खुनी सापडेपर्यंत चोंबडेपणा, सापडल्यावर छडा 😄