'गिव्ह मी वॉटर' का खटकतं?
इंग्रजीत हॉटेलात वेटरला 'गिव्ह मी वॉटर, प्लीज' म्हटलं तर त्यात उद्धट काय, असं एकानं विचारलंय. मराठीत 'पाणी द्या ना' म्हटलं की त्या 'द्या' आणि 'ना'मध्येच आदर, आर्जव सगळं येतं. इंग्रजी 'गिव्ह'ला ती सोय नाही. प्लीज जोडलं तरी हुकूमच वाटतो. म्हणून 'कुड वी हॅव सम टॅप वॉटर, प्लीज?' असं म्हणा. आणि 'टॅप' (म्हणजे नळाचं) विसरू नका हं! लंडनला मी नुसतं वॉटर म्हणालो, वेटरनं 'स्टिल ऑर स्पार्कलिंग?' (साधं की फसफसणारं?) विचारलं, आणि बाटली बिलात चढली. खरं तर इंग्लंडमध्ये दारूचा परवाना असलेल्या हॉटेलांना मागितल्यावर नळाचं पाणी फुकट द्यावंच लागतं. बिलाचंही तसंच, 'कुड वी हॅव द बिल?' अमेरिकेत मात्र त्याला 'चेक' म्हणतात.