उत्तर: पाणी एकवेळच येतं म्हणून वैताग
सोसायटीत पाणी एकवेळच येतं म्हणून वर बरीच आदळआपट झालीये, ती वाचून आमचं लातूर आठवलं. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, पहिली गाडी दहा वॅगनची, साधारण पाच लाख लिटर, आणि त्याआधी मार्चमध्ये पाणी भरायच्या ठिकाणी मारामाऱ्या नकोत म्हणून चक्क १४४ कलम! मावशी तिथेच राहते, तिच्याकडे तेव्हा भाजी धुतलेलं पाणी भांड्यांना, भांड्यांचं संडासाला असा हिशोब, पाहुण्याला आधी अर्धाच ग्लास, लागलं तर परत. अजूनही पुण्यात आमच्याकडे आली की गळका नळ बघून तिचा जीव खालीवर होतो.
पण म्हणून "लातूरवाल्यांकडे बघा नि गप्प बसा" हा वरचा सल्ला काही पटला नाही हां. पाणीपट्टी भरताय ना, मग करा की तक्रार बिनधास्त, फक्त ते "जगणं हराम झालंय" वगैरे जरा जपून. आणि टाकी रोज ओव्हरफ्लो होते असं तुम्हीच लिहिलंय, तर आधी तो वॉल्व बदलून घ्या, दोन-पाचशेचं काम असेल.