इंग्लंडमधली तरुण मुलं "धर्म नाही" लिहितात, वय वाढलं की परत येतात का?

रेडिंगची_आई
नमस्कार मंडळी, बरेच दिवस एक प्रश्न डोक्यात घोळतोय. इंग्लंड-वेल्सच्या 2021 च्या सेन्ससचे, म्हणजे जनगणनेचे, धर्माचे आकडे आले तेव्हा सगळीकडे एकच हेडलाइन होती की ख्रिश्चन पहिल्यांदाच निम्म्याच्या खाली, 46.2 टक्के, 2011 ला 59.3 होते. आणि "धर्म नाही" म्हणणारे 25.2 वरून 37.2 वर. ते समजलं. पण मी वयाप्रमाणे दिलेला भाग वाचायला घेतला आणि तिथेच अडकले. ख्रिश्चनांचं मीडियन वय (निम्मे लोक ज्याच्या खाली, निम्मे वर) 51, धर्म नाही वाल्यांचं 32, मुस्लिमांचं 27, आपल्या हिंदूंचं 37 च्या आसपास. सगळ्या लोकसंख्येचं 40.
ऑफिसमधल्या साठीच्या बायका म्हणतात तरुणपणी कोणाला चर्च आठवतंय, लग्न झालं, पोरं झाली की येतात परत. आमच्या सासूबाईंचंही तेच, चाळिशी उलटली की माणूस आपोआप देवघरापाशी बसतो. माझी मुलगी आता कॉलेजला आहे, गणपतीत मोदक वळायला सगळ्यात पुढे, आरतीला टाळ तिच्याच हातात, पण विचारलं की सरळ सांगते, आई मी कुठल्या धर्माची वगैरे नाही. सेन्ससमध्ये तिच्या नावापुढे मीच हिंदू टिक केलं होतं. मला तिच्यावर रागवायचं नाहीये, समजून घ्यायचंय. हे वयाचं असतं का पिढीचं? कोणी हे आकडे नीट बघितलेत का?

लेस्टरचा_आकडेवाला
ताई, प्रश्न फार महत्त्वाचा आहे आणि माझं रोजचं कामच लोकसंख्येच्या आकड्यांचं असल्यामुळे जरा सविस्तर लिहितो.
2011 ते 2021 मध्ये पूर्ण लोकसंख्येचं मीडियन वय 39 वरून 40 झालं, म्हणजे एक वर्ष. ख्रिश्चनांचं 45 वरून 51 झालं, सहा वर्षं. दहा वर्षांत सहा वर्षांनी म्हातारं व्हायचं म्हणजे खालून नवीन लोक पुरेसे येतच नाहीयेत. तरुण मंडळी पुढे वय झाल्यावर मोठ्या संख्येने परत येत असती तर वयाच्या मधल्या पट्ट्यात, पस्तिशी-पंचेचाळिशीत, ख्रिश्चन टिकून राहिलेले दिसले असते. तसं दिसत नाही. 2011 ला जे विशीत होते तेच लोक 2021 ला तिशीत गेले, त्या वयोगटात धर्म नाही म्हणणाऱ्यांचं प्रमाण कमी व्हायचं सोडून वाढलंय. मधल्या काळात बाहेरून आलेले आणि देश सोडून गेलेले लोक आहेत त्यामुळे हिशोब अगदी तंतोतंत नाही, पण दिशा एकदम स्पष्ट आहे. म्हणून माझं मत, हे पिढीचं आहे. आज पंचाहत्तरीत असलेली माणसं लहानपणीच ख्रिश्चन म्हणून वाढली आणि तशीच राहिली, वय झालं म्हणून वळली असं नाही.
आता तुम्ही जे टिक केलं त्याबद्दल. तुम्ही वेगळं काही केलं नाहीत, घरोघरी असंच होतं. घराचा एक फॉर्म, भरणार कोणी एक जण. त्यामुळे 0 ते 15 वयातला धर्म म्हणजे आई-बापाने सांगितलेला धर्म असंच वाचायचं. सोळाच्या पुढच्यांना स्वतंत्र फॉर्म मागवता येतो पण किती पोरं मागवणार. मुलं युनिव्हर्सिटीत गेली की मग टर्मच्या पत्त्यावर स्वतःचं स्वतः भरतात, तिथे उत्तर बदलू शकतं. एका रात्रीत श्रद्धा गेली असं त्याचा अर्थ लावू नका, पेन कोणाच्या हातात आहे ते बदललेलं असतं.

दादरचा_नातू
आकडेवाले दादांशी सहमत, फक्त एक भर घालतो, मीडियन वय जास्त दिसलं म्हणजे लोक धर्म सोडतायत असं दरवेळी नसतं. आमच्या दादरची पारशी कॉलनी बघा. भारतात 2001 ला पारशी 69,601 होते, 2011 ला 57,264. यातले कोणी "धर्म नाही" लिहायला लागले म्हणून आकडा पडला असं नाहीये. उशिरा लग्नं, बरेच जण अविवाहित, एखादंच मूल, त्यात बाहेर लग्न केलेल्या बाईच्या मुलांना परंपरेने समाजात धरत नाहीत, आणि परदेशी गेलेले वेगळेच. आमच्या जिन्यात एक मावशी आहेत, ऐंशीच्या पुढच्या, रोज सकाळी दाराशी चुन्याची रांगोळी ठशाने काढतात, पूर्वी मजल्यावर चार दारांशी असायची आता एकाच दाराशी असते. सरकारने 2013 ला जियो पारसी योजना आणली ती याच काळजीने. सांगायचं एवढंच की तक्ता वाचताना आधी जन्म-मृत्यू बघायचे, मग येणारे-जाणारे, आणि मग कोणी मत बदललं का ते.
तिकडच्या मुस्लिमांचं 27 वय पण तसंच वाचायला हवं, तरुण कुटुंबं जास्त, मुलं जास्त, त्यामुळे मीडियन वय खाली. लोक धर्म बदलून आले असं कोणी व्हॉट्सॲपवर फिरवलं तर विश्वास ठेवू नका.

कार्डिफची_वहिनी
मी वेल्समध्ये राहते. इथे धर्म नाही वाले 46.5 टक्के, ख्रिश्चन 43.6, म्हणजे मागे टाकलंय. आणि सगळ्यात जास्त कुठे, तर जुन्या कोळसा खाणींच्या खोऱ्यांमध्ये, कायरफिली, ब्लायनाय ग्वेंट, ऱ्होंडा, तिथे छप्पन्न टक्क्यांच्या वर. हीच गावं एकेकाळी चॅपलनी, म्हणजे ख्रिश्चनांच्या लहान प्रार्थनाघरांनी, भरलेली होती, एका रस्त्यावर दोन-तीन चॅपल, खाण कामगारांची गायनमंडळं त्यातूनच उभी राहिली. खाणी बंद पडल्या, तरुण बाहेर गेले, आता कितीतरी चॅपलचे फ्लॅट झालेत. आमच्या शेजारचे आजोबा अजून रविवारी कोट घालून जातात पण त्यांच्या तिन्ही मुलांपैकी कोणी जात नाही आणि नातवंडांना तर आतून चॅपल माहीतच नाही. मला हे बघून खरंच वाईट वाटतं, माझा धर्म नसला तरी.
उलट लंडनमध्ये धर्म नाही वाले 27.1 टक्केच, देशातल्या सगळ्या भागांत कमी. तरुण शहर असूनही. कारण नायजेरिया, पोलंड, केरळ, गुजरात, बांगलादेश अशा ठिकाणांहून आलेले लोक. त्यामुळे "तरुण म्हणजे धर्म नाही" हे पण सरसकट चालत नाही.

रेडिंगची_आई
सगळ्यांचे मनापासून आभार, खूप उलगडा झाला. पण मग एक राहिलंच, मुलगी सगळं करते आणि तरी धर्म नाही म्हणते, उलट ऑफिसमधल्या बायका नाताळ सोडला तर चर्चला जात नाहीत तरी ख्रिश्चन लिहितात. मग हा आकडा नक्की मोजतो काय?

लेस्टरचा_आकडेवाला
ओळख मोजतो, आचरण नाही. इंग्लंड-वेल्सच्या फॉर्मवर प्रश्न आहे "तुमचा धर्म कोणता", त्यात तुमचा एक धर्म असणारच असं आधीच धरलेलं आहे, शिवाय उत्तर ऐच्छिक आहे, 6 टक्के लोकांनी दिलंच नाही. ब्रिटिश सोशल ॲटिट्यूड्स सर्व्हे प्रौढांना विचारतो की तुम्ही स्वतःला कुठल्या धर्माचे मानता का, तिथे 2018 लाच 52 टक्के नाही म्हणाले होते. स्कॉटलंडच्या 2022 च्या सेन्ससमध्ये "कुठल्या धर्माचे, पंथाचे आहात" असं विचारतात, तिथे धर्म नाही वाले 51.1 टक्के. प्रश्न कसा विचारला यावर काठावरची माणसं इकडे-तिकडे होतात आणि काठावर तरुणच जास्त असतात.
भारतात तर 2011 ला प्रगणक दाराशी येऊन घरातल्या एकाला विचारून सगळ्यांचं लिहून घ्यायचा, धर्म सांगितला नाही असे जेमतेम 0.2 टक्के. पुढच्या जनगणनेत ऑनलाइन स्वतः भरायची सोय आहे, पण घरात भरणारा एकच असेल तर तरुणांचं उत्तर तरी वेगळं दिसेल असं मला वाटत नाही.
मुलीचं म्हणाल तर टाळ आणि टिक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत ताई. 2031 ला इथे परत सेन्सस आहे, तोवर ती स्वतःच्या घरात असेल तर स्वतःच भरेल, तुमच्याच घरी असली तर तिच्या रकान्यापाशी आल्यावर तिला विचारा आणि सांगेल तेच टिक करा.